स्पॉटिंग स्कोपमधून दूरच्या पक्ष्यांची छायाचित्रे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रात पाणपक्षी पाहण्याच्या बहुतेक चांगल्या जागी पक्षी आणि आपण यांच्यामध्ये चिखल, पाणी किंवा दलदल असते. ठाणे खाडी, उजनीचा फुगवटा, नांदूर मध्यमेश्वरचा जलाशय, अलिबागजवळचे किनारे अशा ठिकाणी शंभर ते चारशे मीटर अंतर ही नेहमीची गोष्ट आहे आणि ते कमी करायला गेले की पक्षी उडतात. स्पॉटिंग स्कोप (ट्रायपॉडवर ठेवून एका डोळ्याने पाहायची दुर्बीण) आणि साधा मोबाइल फोन यांच्या जोडीने त्या अंतरावरून काय साधते आणि काय साधत नाही, याविषयी नव्याने सुरुवात करणारे जे प्रश्न सतत विचारतात, त्यांची उत्तरे पुढे दिली आहेत.

स्कोपमधून छायाचित्र घेणे म्हणजे नेमके काय करणे?

स्कोपच्या नेत्रिकेमागे जिथे आपला डोळा असतो, तिथे कॅमेऱ्याची लेन्स ठेवणे, एवढीच यातली मूळ कल्पना आहे. या पद्धतीला डिजिस्कोपिंग म्हणतात. मलेशियातील पक्षिनिरीक्षक लॉरेन्स पो यांनी १९९९ च्या सुमारास छोटा डिजिटल कॅमेरा स्कोपच्या नेत्रिकेला टेकवून पक्ष्यांची सुस्पष्ट छायाचित्रे घेतली आणि तिथून ही पद्धत जगभरच्या पक्षिनिरीक्षकांमध्ये पसरली. आज त्या कॅमेऱ्याची जागा बहुतांशी फोनने घेतली आहे. फोनची लेन्स आकाराने डोळ्याच्या बाहुलीएवढीच असल्यामुळे नेत्रिकेशी तिचे चांगले जुळते.

माझ्याकडे १५०–६०० मि.मी.ची झूम लेन्स आहे. मग स्कोप कशासाठी घ्यावा?

उडणारे पक्षी, झाडीत सतत हलणारे वटवटे, पाण्यावर झेप घेणारी घार हे आपले विषय असतील, तर स्कोप घेऊ नये. स्कोपला ऑटोफोकस नसतो, त्याचे दृश्यक्षेत्र अरुंद असते आणि फोकसचे चक्र हाताने फिरवेपर्यंत पक्षी निघून गेलेला असतो. तीस-चाळीस मीटरांपर्यंतच्या पक्ष्याचे पिसांचे बारकावे दाखवणारे छायाचित्रही चांगली टेलिफोटो लेन्सच अधिक सुंदर घेते.

पक्षी दूर आहे, एका जागी उभा आहे किंवा सावकाश चरतो आहे आणि त्याची ओळख पटण्याइतका तपशील आपल्याला हवा आहे, अशा वेळी मात्र स्कोप उपयोगी पडतो. फोनच्या मुख्य लेन्सचे समतुल्य (३५ मि.मी. कॅमेऱ्याच्या हिशेबातले) नाभीय अंतर, म्हणजे फोकल लेंथ, साधारण २५ मि.मी. धरले, तर २० पट विशालनाच्या स्कोपमागे ते ५०० मि.मी. होते, ३० पटीला ७५० मि.मी. आणि फोनवर दुप्पट झूम केला की १,५०० मि.मी. शिवाय स्कोपचा पहिला उपयोग पाहण्यासाठी असतो. तासभर थव्याचे निरीक्षण करावे आणि त्यातल्या एखाद्या क्षणी फोन लावून नोंद घ्यावी, ही या साधनाची खरी रीत आहे. पाहण्याची आवड नसेल, तर निव्वळ छायाचित्रासाठी स्कोप विकत घेण्याचा सल्ला मी देणार नाही.

निकॉन पी १००० सारखा ३,००० मि.मी. समतुल्य झूमचा कॅमेरा हा तिसरा मार्ग आहे. त्या टोकाला त्याचे ॲपर्चर एफ/८ असते आणि प्रत्यक्ष नाभीय अंतर ५३९ मि.मी. असते, म्हणजे प्रकाश गोळा करणारा व्यास सुमारे ६७ मि.मी. भरतो. मध्यम आकाराच्या स्कोपइतकाच हा व्यास आहे. एकच साधन बाळगायचे असेल आणि ऑटोफोकस हवा असेल, तर तो पर्याय मुळीच कमी प्रतीचा नाही. दीर्घकाळ पाहण्याचा आनंद मात्र स्कोपच देतो.

स्कोपवर ६० पट विशालन आहे, तर २०–३० पटीवरच थांबायला का सांगतात?

नवीन माणसाची बहुतेक छायाचित्रे नेमकी इथेच बिघडतात, म्हणून हे उत्तर थोडे सविस्तर देणे आवश्यक वाटते.

नेत्रिकेतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाच्या झोताचा व्यास वस्तुभिंगाच्या (स्कोपच्या पुढच्या भिंगाच्या) व्यासाला विशालनाने भागले की मिळतो. स्कोप ८० मि.मी.चा असेल, तर २० पटीला तो ४ मि.मी. असतो आणि ६० पटीला जेमतेम १.३ मि.मी. उरतो. फोनच्या मुख्य लेन्सचे खरे नाभीय अंतर ६ मि.मी.च्या आसपास आणि ॲपर्चर एफ/१.८ असे धरले, तर तिचे प्रवेशद्वार सुमारे ३.३ मि.मी. रुंद असते. २० पटीला स्कोपमधून येणारा झोत या दारापेक्षा रुंद असल्यामुळे फोन आपल्या पूर्ण क्षमतेने काम करतो. ६० पटीला मात्र झोतच अरुंद झाल्याने तोच फोन प्रत्यक्षात एफ/४.५ चा होऊन बसतो आणि त्याच्या सेन्सरवर सहापट कमी प्रकाश पडतो. ही तूट भरून काढायला फोन आयएसओ वाढवतो, शटर मंद करतो आणि दोन्हींमुळे चित्र मऊ पडते. त्यात ट्रायपॉडची कंपने आणि हवेची थरथर हीदेखील तीनपट मोठी होऊन दिसतात.

तपशील विशालनातून निर्माण होत नाही. तो वस्तुभिंगाचा व्यास, काचेची प्रत आणि हवा यांवर ठरतो. म्हणून कमी पटीवर स्वच्छ, उजळ चित्र घ्यावे आणि नंतर कापून मोठे करावे. स्कोपचे ६० पट हे डोळ्याने क्षणभर एखादी खूण तपासण्यासाठी राखून ठेवावेत.

मग किती अंतरावरून किती तपशील मिळू शकतो?

८० मि.मी. वस्तुभिंगाची विभेदनक्षमता, म्हणजे जवळचे दोन बिंदू वेगळे दाखवण्याची क्षमता, खगोलनिरीक्षक डॉज यांच्या सूत्रानुसार सुमारे १.४५ विकलांची येते (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग). शंभर मीटरवर याचा अर्थ ०.७ मि.मी. होतो आणि तीनशे मीटरवर २.१ मि.मी. म्हणजे निव्वळ प्रकाशशास्त्राच्या हिशेबाने तीनशे मीटरवरच्या चिखल्याची (प्लोव्हर) चोच, पायांचा रंग आणि डोळ्याभोवतीची पट्टी सहज दिसायला हवी. पहाटेच्या थंड, ढगाळ हवेत ती दिसतेही. ऊन चढल्यावर मात्र हवेची थरथर कित्येक विकलांवर जाते आणि मग लाखांच्या घरातला स्कोप आणि साधा स्कोप यांत फारसा फरक उरत नाही.

माझ्या मते शंभर मीटरांपर्यंत छापण्याजोगे चित्र, दोनशे-अडीचशे मीटरांपर्यंत खात्रीची ओळख आणि त्यापुढे आकार, ठेवण व थव्याची नोंद, अशी अपेक्षा ठेवावी. रोहितासारखा (फ्लेमिंगो) मोठा पक्षी याला अपवाद आहे. मोठ्या रोहिताची फिकट गुलाबी, टोकाला काळी असलेली चोच आणि छोट्या रोहिताची गडद, दुरून काळपट दिसणारी चोच हा फरक शांत हवेत अर्ध्या किलोमीटरवरूनही टिपता येतो.

हवेच्या थरथरीवर काही उपाय आहे का?

तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेच्या थरांची घनता वेगवेगळी असते आणि त्यातून येणारा प्रकाश सतत वाकत राहतो. छायाचित्र घेतल्यावर कोणत्याही सॉफ्टवेअरने तो पूर्णपणे सरळ होत नाही. उपाय घेण्याआधीच करावे लागतात.

पहिला उपाय वेळेचा आहे. नान्नजसारख्या सोलापूरकडच्या माळरानावर मार्च-एप्रिलमध्ये सूर्योदयानंतरचे दीड-दोन तास हाती असतात. त्यानंतर दूरचा भोवत्या (हॅरियर हा शिकारी पक्षी) पाण्याखाली असल्यासारखा हलताना दिसतो. दुसरा उपाय उंचीचा आहे. थरथर जमिनीलगत सर्वाधिक असते, म्हणून बांधावर, टेकाडावर किंवा मनोऱ्यावर उभे राहून दृष्टिरेषा वर उचलली की चित्र लगेच सुधारते. दृष्टिरेषा डांबरी रस्ता, कातळ किंवा गाडीचे तापलेले बॉनेट यांवरून जाऊ देऊ नये. गाडीच्या खिडकीतून छायाचित्र घेताना एसी किंवा हीटर चालू असेल, तर आतल्या-बाहेरच्या हवेचा फरकदेखील चित्र बिघडवतो. हिवाळ्यातल्या कडाक्याच्या थंडीत उजनीचे पाणी हवेपेक्षा उबदार असते आणि पहाटे पाण्यालगत वेगळीच थरथर दिसते. ती सूर्य थोडा वर आल्यावर कमी होते, म्हणून तिथे अगदी पहिल्या किरणाची घाई करण्यात अर्थ नाही.

उरलेल्या थरथरीत व्हिडिओ कामाला येतो. फोर-के व्हिडिओची प्रत्येक चौकट सुमारे ८ मेगापिक्सेलची असते. हवा मधूनच क्षणभर स्थिर होते आणि दहा-पंधरा सेकंदांच्या चित्रणात तशा दोन-चार चौकटी बहुधा सापडतात.

६५, ८० की ९५ मि.मी.चा स्कोप घ्यावा?

पायी फिरणाऱ्याने ६५ मि.मी.चा घ्यावा आणि बहुतेक इतरांनी ८० ते ८५ मि.मी.चा. ९५ मि.मी.चा स्कोप उत्कृष्ट असतो, परंतु त्याचे वजन, त्याला लागणारा ट्रायपॉड आणि किंमत हे सारे एकत्र वाढते. व्यासापेक्षा काचेकडे अधिक लक्ष द्यावे. ईडी किंवा फ्लोराइट (प्रकाशाचे रंग कमी फुटू देणारी) काच असलेल्या स्कोपमध्ये बगळ्याच्या पांढऱ्या पिसांना जांभळी किनार येत नाही आणि डोळ्याला न जाणवणारी ती किनार फोनच्या चित्रात मात्र ठळक उमटते. ८० मि.मी.च्या स्वस्त स्कोपपेक्षा ६५ मि.मी.चा ईडी काचेचा स्कोप मी निःसंकोच निवडेन.

तिरपी नेत्रिका की सरळ, याचे उत्तर वापरावर ठरते. वेगवेगळ्या उंचीची माणसे एकाच स्कोपमधून पाहणार असतील, तर तिरपी बरी. गाडीतून किंवा आडोशाच्या फटीतून पाहायचे असेल, तर सरळ.

घरी खगोलनिरीक्षणाची दुर्बीण आहे. ती चालेल का?

दुर्बिणीच्या प्रकारानुसार उत्तर बदलते. लहान अपवर्तक (भिंगांची) दुर्बीण, उदाहरणार्थ ८० मि.मी. व्यासाची आणि ६०० मि.मी. नाभीय अंतराची ईडी दुर्बीण, फार चांगले काम करते. तिच्या मागे टी-रिंग (कॅमेरा जोडायची कडी) लावून मिररलेस किंवा डीएसएलआर कॅमेरा थेट जोडता येतो आणि एपीएस-सी सेन्सरवर ती ९०० मि.मी. समतुल्य, एफ/७.५ ची लेन्स होते. फोकस अर्थातच हाताने करावा लागतो. मॅक्सुटोव्ह प्रकारची (आरसे आणि भिंग यांची) ९० मि.मी.ची दुर्बीण आटोपशीर असते, मात्र तिचे नाभीय अंतर १,२५० मि.मी. म्हणजे एफ/१३.९ असल्यामुळे भरपूर उजेडाशिवाय तिचा उपयोग नाही. शिवाय बाहेरच्या तापमानाशी जुळायला तिला वेळ द्यावा लागतो. न्यूटोनियन परावर्तक दुर्बीण या कामासाठी आणूच नये: ती अवजड असते, प्रतिमा उलटी दिसते आणि नेत्रिका नळीच्या बाजूला असल्याने पक्ष्याचा पाठलाग करणे अतिशय अवघड जाते.

खगोल दुर्बिणीसोबत मिळणाऱ्या आरशाच्या डायगोनलमधून (प्रकाश काटकोनात वळवणाऱ्या जोडातून) प्रतिमा सरळ, पण डावे-उजवे पालटलेली दिसते. पक्ष्यांसाठी प्रतिमा पूर्ण सरळ करणारा प्रिझम वेगळा घ्यावा. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: स्पॉटिंग स्कोप सहसा नायट्रोजन भरून सीलबंद केलेला असतो, खगोल दुर्बीण तशी नसते. खाडीच्या दमट वाऱ्यात आणि माळावरच्या धुळीत तिची काळजी अधिक घ्यावी लागते.

फोन लावला की कडेने काळे वर्तुळ दिसते. ते कसे घालवावे?

वर्तुळाची कारणे दोन असतात आणि ती वेगळी ओळखावी लागतात. वर्तुळ एका बाजूला सरकलेले किंवा चंद्रकोरीसारखे असेल, तर फोनची लेन्स नेत्रिकेच्या मध्यावर आलेली नाही किंवा तिचे अंतर चुकले आहे. घरीच, खिडकीतून समोरच्या इमारतीकडे स्कोप लावून ॲडॅप्टर बसवावा. आधी नेत्रिकेचा रबरी कप खाली करावा, कॅमेऱ्याचे ॲप उघडून वर्तुळ बरोबर मध्यभागी येईपर्यंत फोन सरकवावा, मग अंतर एक-एक मिलिमीटरने कमी-जास्त करून वर्तुळ सर्वांत मोठे कुठे होते ते पाहावे आणि त्याच जागी स्क्रू घट्ट करून ॲडॅप्टरवर पेन्सिलने खूण करावी. मैदानावर हे सगळे करत बसले, तर पक्षी थांबत नाही.

वर्तुळ नेमके मध्यभागी असूनही कडा काळ्याच राहत असतील, तर ते नेत्रिकेचे दृश्यक्षेत्र फोनपेक्षा अरुंद असल्याचे लक्षण आहे. झूम नेत्रिकेत कमीत कमी पटीला समोरचा भाग जास्त दिसत असला, तरी नेत्रिकेत दिसणारे वर्तुळ सर्वांत लहान असते. अशा वेळी फोनवर दीड ते दुप्पट झूम करावा. मोठ्या सेन्सरच्या आजच्या फोनमध्ये दुपटीपर्यंतच्या झूमने प्रत फारशी ढळत नाही.

सर्व फोनांना बसणाऱ्या ॲडॅप्टरपेक्षा विशिष्ट फोन आणि विशिष्ट नेत्रिका यांसाठी बनवलेला ॲडॅप्टर क्षणात लागतो आणि क्षणात निघतो. फोन बदलला की तो निरुपयोगी होतो, ही त्याची उणीव आहे.

फोनच्या कॅमेऱ्यात कोणते बदल करावेत?

सर्वांत आधी फोनने स्वतःहून लेन्स बदलणे थांबवावे. अनेक लेन्स असलेला फोन उजेड आणि अंतर पाहून मधूनच दुसऱ्या लेन्सवर उडी मारतो आणि पडदा काळा होतो; प्रो मोड किंवा स्वतंत्र ॲप वापरून मुख्य लेन्स पक्की करावी, आपोआप सुरू होणारा मॅक्रो मोडही बंद ठेवावा. फोकस आधी स्कोपच्या चक्राने डोळ्याने नीट करून घ्यावा, मग फोन लावून पडद्यावर पक्ष्याच्या डोळ्यापाशी बोट ठेवून तो पक्का करावा. पांढऱ्या पक्ष्यांसाठी एक्स्पोजर एका स्टॉपपर्यंत कमी करावे, कारण काळ्या चिखलावर उभ्या असलेल्या बगळ्याला फोन हमखास जाळतो, म्हणजे पिसांचा तपशील पांढरा फटक पडतो. उभ्या पक्ष्यासाठी शटर १/२५० किंवा त्याहून वेगवान असावे. बटण बोटाने दाबू नये. ब्लूटूथ रिमोट, तारेच्या इअरफोनचे आवाजाचे बटण किंवा दोन सेकंदांचा टायमर वापरावा. एकेक चित्र घेण्यापेक्षा बर्स्ट, म्हणजे भराभर सलग चित्रे, घ्यावा.

ट्रायपॉड कसा असावा?

स्कोपवर खर्च करताना ट्रायपॉडसाठी पैसे बाजूला काढून ठेवावेत, हा माझा आग्रह आहे. हलका ट्रायपॉड वाऱ्यात सतत शहारतो आणि स्कोपची किंमत वाया जाते. डोके बॉल हेड नसून व्हिडिओचे फ्लुइड हेड असावे, म्हणजे चिखलातून चालणाऱ्या पक्ष्याबरोबर स्कोप संथपणे वळवता येतो. मधला दांडा वर काढू नये, पाय थोडे फाकवावेत आणि वारा असेल तर पिशवी खाली अडकवावी. मनोऱ्यावर एक वेगळी अडचण येते: कोणी जिना चढला तरी फळ्या हलतात, म्हणून सर्वजण स्थिर उभे राहीपर्यंत बटण दाबू नये. होडीतून स्कोप वापरण्याचा विचार सोडून द्यावा. तिथे द्विनेत्री आणि टेलिफोटो लेन्स हीच योग्य साधने आहेत.

स्कोपमध्ये पक्षी सापडतच नाही. काय करावे?

सर्वांत कमी पट ठेवावी, आधी नुसत्या डोळ्यांनी पक्ष्याजवळची एखादी ठळक खूण हेरावी, जसे की खांब, होडी किंवा वेगळ्या रंगाचा दगड, आणि ती खूण पकडून तिथून पक्ष्याकडे सरकावे. शोधताना स्कोप सूर्यावरून कधीही जाऊ देऊ नये. डोळ्याला क्षणात कायमची इजा होते आणि फोनचा सेन्सरही जळू शकतो.

ठाणे खाडी, भिगवण, नांदूर मध्यमेश्वर इथे कुठून आणि केव्हा छायाचित्रे घ्यावीत?

खाडीवर घड्याळापेक्षा भरतीचे वेळापत्रक महत्त्वाचे असते. पूर्ण ओहोटीला पक्षी विस्तीर्ण चिखलावर दूरवर विखुरतात. पाणी चढू लागले की चिखलाची पट्टी अरुंद होत जाते आणि थवे स्वतःच काठाकडे सरकतात. पूर्ण भरतीच्या आधीचे दोन-अडीच तास एका जागी शांत उभे राहिले, तर अंतर पक्षीच कमी करतात. प्रकाशाची दिशा काठावर ठरते: ऐरोली पूर्व काठावर असल्याने तिथे सकाळी सूर्य पाठीशी असतो, तर भांडुप आणि शिवडीच्या बाजूला दुपारनंतर. म्हणून चढती भरती सकाळी असेल तेव्हा ऐरोली आणि दुपारी असेल तेव्हा पश्चिम काठ निवडावा. ठाणे खाडीला २०१५ मध्ये रोहित अभयारण्य म्हणून संरक्षण मिळाले आणि २०२२ मध्ये तिचा आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत समावेश झाला.

भिगवणला बहुतेक लोक कुंभारगावहून होडीने जातात. स्कोपवाल्याने मात्र काठावरच थांबावे. उन्हाळ्याकडे उजनीचे पाणी ओसरू लागले की उघड्या पडणाऱ्या गाळावर पक्षी एकवटतात, आणि काठावरून निवांतपणे टिपलेल्या रोहितांच्या थव्यात होडीच्या आवाजाने मान वर केलेला एकही पक्षी नसतो. नांदूर मध्यमेश्वर हे रामसर दर्जा मिळालेले महाराष्ट्रातील पहिले स्थळ; हा दर्जा जानेवारी २०२० मध्ये जाहीर झाला. तिथल्या निरीक्षण मनोऱ्यांवरून बदकांचे थवे आणि पाणवनस्पतींत वावरणारे पक्षी उंचावरून दिसतात, त्यामुळे थरथरही कमी जाणवते.

दूरच्या पक्ष्याच्या पायातली खूण स्कोपमधून वाचता येते का?

येते, आणि स्कोपचे इतके मोलाचे दुसरे काम मला तरी ठाऊक नाही. १८८३ मध्ये स्थापन झालेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आणि परदेशांतील संस्था स्थलांतरी पाणपक्ष्यांच्या पायांत कडी आणि रंगीत पट्ट्या घालतात. पट्ट्यांचे रंग आणि त्यांचा क्रम यांवरून पक्ष्याला कोणत्या प्रदेशात खूण केली ते कळते, आणि पट्टीवरची अक्षरे व आकडे वाचता आले तर नेमका तो एक पक्षी ओळखता येतो.

किनाऱ्यावर चिखल्यांचा थवा धावत-थांबत चरत असतो. पक्षी थांबतो, मान झुकवतो, चार पावले पळतो आणि पुन्हा थांबतो. पट्टी मांडीच्या बाजूला फिरलेली असते, अर्ध्यावर चिखल लागलेला असतो आणि एका वेळी एकच अक्षर दिसते. इथे छायाचित्रापेक्षा व्हिडिओ घ्यावा आणि दोन-तीन मिनिटे सलग घ्यावा, कारण पक्षी वळताना अक्षरे एकामागून एक समोर येतात. ठिकाण, तारीख, पट्टीचा रंग, ती कोणत्या पायात आणि गुडघ्यासारख्या दिसणाऱ्या सांध्याच्या वर की खाली आहे, हे सर्व लगेच लिहून ठेवावे आणि नोंद सोसायटीकडे पाठवावी. अक्षर नीट दिसले नसेल, तर अंदाजाने भरू नये. अपुरी नोंद उपयोगी पडते, चुकीची नोंद मात्र दुसऱ्याच पक्ष्याच्या नावावर जमा होते.

स्कोपने दुरून घरट्याचे छायाचित्र घेतले, तर हरकत नाही ना?

दूर असणे आवश्यक आहे, पण पुरेसे नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये शिकारीच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना त्रास देण्याचा समावेश आहे. कड्यावरच्या लांब चोचीच्या गिधाडांच्या घरट्यांकडे दरीच्या पलीकडून, पक्षी आपल्याकडे पाहतही नाहीत इतक्या अंतरावरून स्कोप लावला, तर त्यांचे काही बिघडत नाही. मात्र चित्र प्रसिद्ध करताना जागा कळेल असा तपशील देऊ नये, फोनच्या चित्रातील स्थाननोंद काढून टाकावी. पक्षी उठून उभा राहिला, हाका देऊ लागला किंवा चोचीत अन्न धरून घरट्यात न जाता घुटमळू लागला, तर आपण जवळ आहोत, मग मीटरमधले अंतर काहीही असो. अशा वेळी ताबडतोब मागे फिरावे.

परवानगी लागते का?

अभयारण्यात प्रवेश आणि कॅमेरा यांसाठी वन विभागाचे शुल्क व नियम लागू असतात. ते प्रवेशद्वारावर विचारून घ्यावेत. मुंबई, उरण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर नौदलाच्या आणि बंदरांच्या हद्दी पाणथळींना लागून आहेत. त्या दिशेने स्कोप रोखू नये, ओळखपत्र जवळ ठेवावे आणि कोणी विचारले तर स्कोपमधून पक्षी दाखवावा.

खारा वारा आणि पावसाळा यांपासून स्कोप कसा जपावा?

समुद्रावरून आल्यावर काच पुसण्याची घाई करू नये. वाळूचा कण कापडाखाली सापडला तर काचेवरचा लेप कायमचा ओरखडतो. आधी फुंकणीने धूळ उडवावी, मग मऊ कुंचला फिरवावा. मिठाचा थर राहिला असेल, तर लेन्ससाठीचे द्रावण कापडावर घेऊन हलक्या हाताने मध्यापासून कडेकडे पुसावे. स्कोपचे बाहेरचे अंग आणि ट्रायपॉडचे पाय ओल्या फडक्याने पुसून वाळवावेत, विशेषतः पायांचे सांधे, कारण मीठ आणि रेती तिथेच साचते.

कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर हा बुरशीचा काळ असतो. बंद पिशवीत, कपाटाच्या तळाशी स्कोप ठेवू नये. हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवावा, जेलचा रंग बदलला की ते तापवून कोरडे करावे, आणि महिन्यातून एखादे दिवस उघडीप मिळेल तेव्हा स्कोप बाहेर काढून वापरावा.